आलीचं शेत

आमच्या गल्लीत परगावचा माणूस शिरला की आधी धोतराचा सोगा नाकाला लावायचा. बार्शीटाकळीला नदीच्या अंगाला रंगाऱ्यांची काही घरं होती, त्यातलं अगदी कडेचं आमचं. अंगणात अर्ध्या पुरलेल्या मातीच्या नांदा होत्या. त्यांत एरंडीचं तेल आणि बकऱ्यांच्या लेंड्या कालवलेलं पाणी असायचं, आणि त्या पाण्यात पांढरी कापडं दिवसचे दिवस मुरत पडलेली असायची. तेल मुरलं नाही तर रंग धरत नाही. मग नदीवर धुणं, मग हिरडा, मग तुरटी, पुन्हा धुणं, आणि सगळ्यात शेवटी आल. आल म्हणजे काय हे आता सांगावं लागतं, कारण माझ्या नातवंडांपैकी कुणीच ती पाहिलेली नाही. ते एक झुडूप. वर पाहावं तर त्यात काही नाही, जे आहे ते जमिनीखाली. खोल काळ्या रानात पेरायची आणि तीन वर्षं वाट पाहायची. तिसऱ्या वर्षी तिची मुळं माणसाच्या कमरेइतकी खाली गेलेली असतात. ती खणून काढायची, वाळवायची, कुटायची, आणि त्या भुकटीत कापड उकळायचं. तेव्हा जो लाल उतरतो तो कापड फाटेपर्यंत जात नाही. आमच्या बाची एकच बढाई असायची, की लुगडं विरेल, नेसणारी म्हातारी होईल, पण रंग आहे तिथेच राहील.

माझ्या लहानपणचा आवाज म्हणजे मुसळाचा. पहाटे माय जात्यावर बसायची आणि तिकडे अंगणात बा आणि माझा थोरला भाऊ किसन आळीपाळीने आलीची मुळं कुटायचे. जात्याची घरघर आणि मुसळाचा दणका यांचा असा काही मेळ बसायचा की त्यातलं एक थांबलं तरी मला जाग यायची. माय भाकरी थापायला बसली की मी समोर बसून तिचे हात पाहायची. जवारीचं पांढरं पीठ आणि तिचे मनगटापर्यंत लाल तळवे. कितीही घासले तरी ते तसेच. लग्नाआधी ती गोरी होती असं कौंडण्यपुराकडचा माझा मामा सांगायचा, आणि म्हणायचा की रंगाऱ्याने बहिणीला बोटं धरून नांदेत बुडवली. ती हसायची. भाकरीबरोबर अंबाडीची भाजी, वर जवसाच्या तेलाची धार आणि ठेचा. सणासुदीला गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि वरण. रोडग्यांवर तूप असलं तर असलं. भूक म्हणजे काय हे त्या घरात मला दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं.

गाव तेव्हा एकमेकांच्या हातात हात असल्यासारखं होतं असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. हातात हात कुणाचाच नव्हता. महारवाड्यातली भागाबाई उभ्या वऱ्हाडात मोजक्याच ठिकाणी मिळेल असं बारीक सूत कातायची, आणि ते सूत साऱ्या गावाच्या अंगावर होतं, पण भागाबाई मात्र आमच्या ओट्याखालीच उभी राहायची. माय तिला वरून भाकरी द्यायची आणि ती पदरात झेलायची. याचं तेव्हा कुणालाच काही वाटत नव्हतं, मलाही नाही. पण एक गोष्ट खरी होती. भागाबाईने सूत कातलं की मोमिनपुऱ्यातले रहीमचाचा ते विणायचे, रहीमचाचांनी थान उतरवलं की ते आमच्या नांदेत पडायचं, आणि ज्या आलीने ते रंगायचं ती गणुकाकांच्या शेतात पिकायची. गणुकाका कुणबी. गावाबाहेर ओढ्याच्या काठी त्यांचं खोल मातीचं रान होतं, आणि त्याचा एक तुकडा त्यांच्या वडलांपासून आलीसाठी ठेवलेला. बा आणि गणुकाका लहानपणी त्याच शेताच्या बांधावर चिंचा पाडायचे. आलीचं रान खणायला निघालं की रंगाऱ्याची नि कुणब्याची दोन्ही घरं तिथे जेवायची, आणि खणणाऱ्यांना पोटभर गूळ-भाकर असायची.

मग कापूस आला. कापूस आमच्याकडे आधीही होताच, पण तो चार पिकांतला एक. आता एकाएकी दुसरं पीकच राहिलं नाही. साहेबाच्या मुलखापलीकडे कुठेतरी भावाभावांची लढाई जुंपली आहे, तिथला कापूस अडकून पडला आहे, आणि म्हणून साहेबाला आपला कापूस पाहिजे, असं बाजारात लोक सांगत. कुणाला ते खरं वाटत नव्हतं. पण मारवाड्यांचे, बोहऱ्यांचे, मुंबईच्या पेढ्यांचे दलाल बोंडं फुटायच्या आधी शेतात येऊन उभे राहू लागले, तेव्हा खरं मानावंच लागलं. अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवसभर गाड्यांच्या चाकांची करकर. कुणब्यांच्या बायकांच्या गळ्यात पुतळ्या आल्या. एकाने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, आणि आम्ही पोरं त्या बैलांच्या मागे मागे धावायचो. आजही त्या दिवसांबद्दल लोक मोठ्या चवीने बोलतात. माझ्या जावयाच्या वडलांनी तर परवा जेवताना पुन्हा तेच सांगितलं, की वऱ्हाडात तेव्हा सोन्याचा धूर निघत होता. मी त्यांना भाजी वाढली. धूर मीही पाहिला होता. पण आमच्या गल्लीत चुलीचा धूरही कमी होत गेला, हे पाहुण्यापाशी कुठे बोलायचं?

पहिली गेली ती भागाबाई. पूर्वी वेचणी झाली की बायकांना घरी कातायला कापूस मिळायचा. काही कामाचा मोबदला म्हणून, काही झाडावर राहिलेला, किडका, पिवळा पडलेला. आता तो किडकासुद्धा दलाल उचलायचे. कापसाच्या राशींनी गाव पांढरं झालं होतं आणि कातणारीला मूठभर कापूस मिळत नव्हता. ती आमच्या ओट्याखाली येऊन उभी राहायची, सूत न आणता. माय भाकरी द्यायची, मग अर्धी द्यायला लागली, कारण जवारीची रानंही कापसाखाली गेली होती आणि बाजारात जवारी दिसेनाशी झाली होती. आम्ही कण्या खाऊ लागलो, कण्यांत पाणी वाढत गेलं. पुढे आगगाडीच्या सडकेवर माती टाकायला माणसं पाहिजेत असा पुकारा झाला तेव्हा भागाबाई तिच्या दोन पोरींना घेऊन निघाली. जाताना तिने मायला टकळी दाखवली, कमरेला खोचलेली. परत आले की कातते म्हणाली. त्या सडकेवर पटकीने माणसं गेली, गाड्या भरभरून नेऊन पुरली असं ऐकलं. भागाबाईचं नाव घेऊन कुणी निरोप आणला नाही. तिचा निरोप आणणार तरी कोण?

सूत नाही म्हणून रहीमचाचांचे माग थांबले. घरात दोन माग होते. एक त्यांनी मोडून ठेवला आणि दुसऱ्यावर ते नुसते जाऊन बसायचे. मी मायबरोबर गेले तेव्हा पाहिलं, पाय खाली सोडून बसले होते आणि हातात धोटा होता. विलायती थानं बाजारात आली होती, गुळगुळीत आणि स्वस्त. बाने एक आणून पाहिलं. तेल त्यात मुरतच नव्हतं, खळ इतकी होती. तरी बा म्हणायचा की आल हाये तोवर रंगारी हाये. कापड कुठूनही येईल. गणुकाकांच्या शेतातली आल दोन वर्षांची झाली होती. आजूबाजूची सगळी आलीची रानं मोडून कापूस लागला होता, पण तो एक तुकडा हिरवा उभा होता. बा संध्याकाळी कधी कधी मला घेऊन तिकडे जायचा. काही करायचा नाही. बांधावर बसायचा आणि पान तोडून बोटांत चुरायचा.

होळी होऊन गेल्यावर गणुकाका आमच्याकडे आले. दुपारची वेळ होती. ते ओट्यावर बसले, मायने पाणी दिलं, त्यांनी ते प्यायलंच नाही, गडवा हातात धरून राहिले. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाले,

“सोपान, औंदा आल काढतो म्हणतो.”

बा कापड पिळत होता. तो थांबला नाही. “औंदा नाई. पुढच्या साली.”

“पोट्टे थांबून नाई राहिले. भाऊबंद हासून राहिले मले. साऱ्या शिवारात कापूस, अन् माह्याच वावरात झुडपं.”

“दोन वर्साच्या मुळात काय असते, गणुजी? नुसतं पानी असते.”

“मले काय ते माईत नाई?”

बाने कापड खाली ठेवलं. त्याने हात पुसले नाहीत, लाल पाणी कोपरावरून गळत होतं. “एक वर्स,” तो म्हणाला. “एकच वर्स थांब. मंग कापूस लाव, का धतुरा लाव, मी काई बोलनार नाई.”

गणुकाकांनी गडवा खाली ठेवला. मग म्हणाले, “मुळं सारी तुहीच. घेऊन जा. मले काई नको. पण रान अखाडीच्या आत मोकळं पाहिजे.”

मी दारामागे उभी होते. मला वाटलं आता भांडण होणार, कारण बा रागावला की त्याची मान लाल व्हायची. पण बा म्हणाला, बरं. एवढंच. गणुकाका गेल्यावर त्याने त्यांनी न प्यायलेलं पाणी तुळशीला ओतलं आणि सब्बल शोधायला लागला.

आलीचं रान खणणं हे घरच्या माणसांचं काम नव्हतं. त्याच्या टोळ्या असायच्या, पहाडासारखे गडी, आणि तरी त्यांना महिना लागायचा. त्या वर्षी एकही टोळी मिळाली नाही. सगळे सडकेवर, नाही तर अकोल्याला कापसाच्या आवारात. म्हणून बा, किसन, माय आणि मी गेलो. वैशाखातलं काळं रान तुम्ही पाहिलं असेल तर सांगायला नको. पायाच्या पंजाएवढ्या भेगा, आणि माती दगडासारखी. सब्बल मारली की हात झिणझिणायचा आणि चार बोटं ढेकूळ निघायचं. दुसऱ्या दिवशी रहीमचाचा आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. विणकराचे बारीक हात, आयुष्यात कधी कुदळ धरलेली नाही. तळव्यांना फोड आले. आणि मग गणुकाका स्वतः आले, कमरेला फडकं गुंडाळून, आणि आपल्याच शेतात आमच्याबरोबर चरात उतरले. त्यांची मुलं बांधावर बैल घेऊन उभी असायची, रान मोकळं होण्याची वाट पाहत. कारण आल खणलेलं रान म्हणजे उत्तम. सगळी हरळी निघून जाते, खालची माती वर येते. कापूस त्यात डोक्याएवढा होतो. आम्ही सगळे मिळून त्या चरांत पिकलेलं नव्हतं ते खणत होतो.

किसन एकदाच बोलला. तो तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा असेल. चरातून वर येऊन त्याने एक मूळ मोडलं, आत पिकल्या मुळाचा गर्द पिवळा रंग नाही हे पाहिलं आणि ते बाच्या पायापाशी टाकलं. “कच्चं हाये हे, बा,” तो म्हणाला. “तुमाले दिसून राहिलं, मले दिसून राहिलं. काहून मरून राहिलो आपन?” बाने ते मूळ उचलून टोपलीत ठेवलं. त्या आठवड्यात किसन कापसाच्या गाड्यांबरोबर अकोल्याला गेला. मायला सांगून गेला, बाला नाही. गठाणीत कापूस पायांनी तुडवायचं काम त्याला मिळालं. पोटभर जेवण मिळत होतं असं त्याने नंतर मला सांगितलं. तो परत आला नाही. मी त्याला दोष देत नाही. त्या वयात मीही गेले असते.

किसन गेल्यावर त्याच्या वाटणीचं काम मायने उचललं. बा नको म्हणायचा आणि ती खणत राहायची. एका दुपारी ती चरात बसली ती उठलीच नाही. अंग असं तापलेलं की हात लावता येईना. गणुकाकांनी तिला आपल्या गाडीत घालून घरी आणलं. त्यांच्या बायकोने कांदा ठेचून तळपायांना चोळला, कैरी भाजून पन्हं पाजलं. रहीमचाचांच्या बीबीने ओल्या चादरी धरल्या. माय शुद्धीवर आली, पण त्या दिवसानंतर ती अंथरुणातून उभी राहून चालली असं मला आठवत नाही. ताप जायचा, पुन्हा यायचा. जातं मी ओढायला लागले. दळायला घरात फारसं काही नव्हतं, म्हणून ते माझ्याच्याने जमत होतं.

मुळं आली, वाळली, बाने एकट्याने कुटली. मुसळाचा आवाज आता एकाच लयीत यायचा, आणि मध्ये लांब खंड पडायचे. कापड म्हणून रहीमचाचांनी त्यांच्या घरातलं शेवटचं थान आणून दिलं. भागाबाईच्या सुताचं होतं ते, मायने हात लावून ओळखलं. तेल पुरेसं नव्हतं, तुरटी जुनी होती, आणि आल कच्ची. तरी बाने सगळं विधिवत केलं. एकही धुणं चुकवलं नाही, एकही दिवस घाई केली नाही. शेवटी हंड्यातून लुगड्याएवढा तुकडा काढून त्याने उन्हात धरला. लाल नव्हता तो. धुतलेल्या विटेचा रंग असतो तसा काहीतरी. बा तो घेऊन आत आला आणि मायच्या अंथरुणापाशी बसला. तिच्याइतकी रंगाची पारख गावात दुसऱ्या कुणाला नव्हती. ती नांदेत बोट बुडवून सांगायची, अजून दोन दिवस. तिने कापडाचं टोक चिमटीत धरून पाहिलं, उजेडाकडे केलं, वास घेतला.

“बसन,” ती म्हणाली. “एकदा धुतलं का बसन रंग.”

धुतल्यावर रंग बसत नाही. जातो. हे तिलाही माहीत होतं आणि बालाही. बा हो म्हणाला आणि तो तुकडा घडी करून तिच्या उशाशी ठेवला.

माय श्रावणात गेली. सकाळी मी तिला पेज पाजायला गेले तेव्हा ती डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत होती, आणि मी दोनदा हाक मारल्यावर मला कळलं. सवाष्ण होती ती. सवाष्णीला माहेरचं नवं लुगडं नेसवून पाठवायचं असतं, पण पूर आलेला, मामापर्यंत निरोप जाणार कसा आणि तो येणार कसा. शेजारच्या बायका जमल्या आणि घरात लाल काय आहे ते विचारू लागल्या. साऱ्या पंचक्रोशीच्या बायकांना लाल नेसवणारं आमचं घर, आणि त्यात एक धड लाल कापड नव्हतं. जे होतं ते आधीच्या उन्हाळ्यात धान्यापायी गेलं होतं. शेवटी बाने उशाशी ठेवलेला तो तुकडा उलगडला आणि बायकांच्या हातात दिला.

तिला बाहेर काढलं तेव्हा बारीक पाऊस होता. बायकांनी वेशीपर्यंत जायचं नसतं, म्हणून मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. पुढे बा मडकं घेऊन, खांद्याला गणुकाका आणि आमच्या गल्लीतली माणसं, मागे थोडं अंतर ठेवून रहीमचाचा. पाऊस तिच्या अंगावर पडत होता, आणि मी पाहिलं की रंग सुटला. कापडातून तो फिक्कट लाल पाणी होऊन तिरडीच्या बांबूंवर उतरला आणि तिथून माणसांच्या खांद्यांवर. गणुकाकांच्या पांढऱ्या बंडीवर तो पाठीपर्यंत ओघळला. लोकांना ते कळलं, कारण एकाने खांदा बदलताना आपला हात पाहिला. बाने मागे वळून पाहिलं तेव्हाच मला वाटलं की आता हा पुन्हा नांदेला हात लावणार नाही. तो एकदाच वळला, आणि मग कोपऱ्यावरून सगळे दिसेनासे झाले.

त्या हिवाळ्यात रहीमचाचा बायका-पोरांना घेऊन कामठीकडे गेले, तिकडे माग चालू आहेत असं कुणीतरी सांगितलं म्हणून. त्यांच्या मोमिनपुऱ्यातल्या घरात एका दलालाने सरकी भरली. बाने नांदा उकरून काढल्या नाहीत, झाकल्याही नाहीत. पावसाचं पाणी साचून त्यांत डास झाले. माझं लग्न कारंज्याच्या एका रंगारी घरात ठरलेलं होतं ते झालं, म्हणजे उरकलं. सासरी येऊन पाहते तर तिथेही नांदा पालथ्या. माझे यजमान पुढे शिवणकाम शिकले, आम्ही अमरावतीला आलो, आणि सुईदोऱ्यावर घर चाललं. आडनाव रंगारीच राहिलं. माझी नात शाळेत जाते, तिनेच मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली आणि त्यातून हे लिहिणं आलं. तिने मागच्या महिन्यात बाजारातून विलायती रंगाची पुडी आणली आणि बादलीत एक जुनं पातळ बुडवलं. मी दारात उभी राहून पाहत होते. घागर भरायच्या आत रंग तयार. सुरेख लाल. तिने विचारलं, आजी, चांगला आलाय ना? मी म्हटलं, हो. खरंच चांगला आला होता.

दूरदेशची ती लढाई संपली, आणि कापसाचा भाव जसा चढला होता तसाच एका हंगामात खाली बसला. मी पहिल्यांदा माहेरी आले होते तेव्हाची गोष्ट. दलाल येईनासे झाले होते, शेंब्या लावलेले बैल विकले गेले होते, आणि जवारी मात्र महागच होती. बा दारात नुसता बसलेला असायचा. त्याच्या हातांचा रंग गेला होता. मी ते पाहिलं आणि मला ते हात परक्याचे वाटले. संध्याकाळी गणुकाका आले आणि मायच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच ओट्यावर बसले. मी पाणी दिलं. या खेपेला ते प्यायले.

“सोपान,” ते म्हणाले, “पुन्हा आल पेरतो म्हणतो.”

बाने चिलीम भरायला घेतली.

“बी कुठं ना कुठं भेटन. मी फिरतो गावोगाव. तू फक्त हो म्हन.”

“पेरून कोनाले देशीन?” बाने विचारलं.

“तुले.”

“कातनारी मेली. विननारा गेला. मी काय रंगवू, गणुजी? आभाळ?”

गणुकाका अंधार पडेपर्यंत बसले. बाही बसला. दोघांनी चिलीम ओढली, आणि मग गणुकाका उठून गेले. पुढच्या काही दिवसांत किसन येऊन बाला अकोल्याला घेऊन गेला. तिथे त्याच आवारात बा कापूस तुडवायला लागला. म्हाताऱ्या माणसाला ते काम झेपत नाही, पण वजन कमी असलं तरी पाय पायच असतात, असं तिथला मुकादम म्हणायचा म्हणे.

गणुकाकांनी आल पेरलीच. मुलांशी भांडून आपल्या वाटणीच्या तुकड्यात पेरली, आणि तीन वर्षं तिला कुणाला हात लावू दिला नाही. मग एकट्याने, मिळेल त्या माणसाला हाताशी धरून ती खणली, गाडीत भरली आणि आमच्या घरापुढे आणून उभी केली. घराला कुलूप होतं. बा अकोल्याला आहे हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी सगळी मुळं आमच्या ओट्यावर रचली आणि शेजारच्या कोंडाबाईला सांगितलं, राहू द्या, येईल तो. किसनने हे बाच्या कानावर घातलं. बा तेव्हा गठाणीवरून नुकताच उतरला होता, केसांत, भुवयांत, दाढीत कापूस. त्याने विचारलं, “किती वर्साची?” किसन म्हणाला, पुरी तीन वर्साची. बाने मान हलवली, तोंडावरून हात फिरवला आणि पुन्हा वर चढला. त्यानंतर तो त्याविषयी बोलला नाही, आणि फार जगलाही नाही.

त्याचं सगळं आटोपल्यावर किसन आणि मी घर पाहायला बार्शीटाकळीला गेलो. गणुकाकाही तोवर गेले होते. ओटा रिकामा होता. एका कोपऱ्यात थोडी साल पडली होती, ती मी नखाने खरवडली. आतून गर्द पिवळी, जशी असायला पाहिजे तशी. मी कोंडाबाईला विचारलं, की मुळांचं काय झालं. ती बिचारी ओशाळली. म्हणाली, दोन पावसाळे वाट पाहिली बाई, कुणी आलं नाही, वाळवी लागायला लागली, म्हणून थंडीत चुलीत घातली. मी म्हटलं, बरं केलं. तेव्हा तिला जरा धीर आला, आणि माझ्या हाताला धरून तिने मला आत नेऊन बसवलं. चांगली वाळली होती, म्हणाली, धूर न होता जळाली.